इंग्रजी उताऱ्यावरील बहुपर्यायी प्रश्नांचा सराव कसा करावा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अभ्यासिकांमध्ये बँकेच्या, स्टाफ सिलेक्शनच्या (केंद्र सरकारी नोकरभरतीच्या) किंवा आयईएलटीएस या परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या तयारीला बसलेली मुले-मुली इंग्रजी उताऱ्यांचे संचच्या संच सोडवतात, उत्तरतालिकेवरून गुण मोजतात आणि पान उलटून पुढच्या उताऱ्याकडे वळतात. मेहनत खरी असते, पण गुण महिनोन्‌महिने तेवढेच राहतात. खरा सराव उतारा सोडवून झाल्यावर सुरू होतो आणि नेमका तोच भाग राहून जातो.

सुरुवातीला घड्याळ बाजूला ठेवावे आणि आठवड्याला चारच उतारे घ्यावेत. आधी फक्त प्रश्न वाचावेत, पर्याय झाकून ठेवावेत. एक सोडून बाकीचे सर्व पर्याय चुकीचे असल्यामुळे ते आधी वाचले की उताऱ्यात नसलेल्या गोष्टी डोक्यात घर करतात. मग उतारा वाचताना प्रत्येक परिच्छेदापाशी थांबून त्याचा आशय समासात एका ओळीत लिहावा, आणि तो मराठीत किंवा घरच्या बोलीत लिहिण्यात कसलाही कमीपणा मानू नये. ‘हाऊ उतारा काय सांगस?’ असे स्वतःला विचारून ज्याला अहिराणीत एका वाक्यात उत्तर देता येते, त्याला तो परिच्छेद समजला आहे. माझ्या मते संपूर्ण सरावातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे. अडलेल्या शब्दासाठी शब्दकोश मात्र उत्तरे लिहून झाल्यावरच उघडावा, कारण परीक्षेत संदर्भावरूनच अर्थ काढावा लागतो.

आता पर्याय उघडावेत. योग्य पर्यायाचा पुरावा ठरणारी ओळ अधोरेखित करावी आणि उरलेले पर्याय का बाद झाले, याचे कारण प्रत्येकापुढे लिहावे. समजा, केळीच्या शेतीवरील उताऱ्यात असे वाक्य आहे: ‘सम ग्रोअर्स हॅव शिफ्टेड टू ड्रिप इरिगेशन, विच मे रिड्यूस वॉटर यूज.’ उताऱ्यानुसार योग्य विधान विचारले आहे आणि पर्यायांचा आशय असा आहे: (अ) सर्व उत्पादकांनी ठिबक स्वीकारले आहे, (ब) ठिबकमुळे पाणी निश्चितच वाचते, (क) ठिबकमधून खतही देता येते, (ड) काही उत्पादकांनी पाणी देण्याची पद्धत बदलली आहे. ‘अ’मध्ये ‘सम’चे ‘सर्व’ झाले आणि ‘ब’मध्ये ‘मे’चे ‘निश्चितच’ झाले, म्हणून दोन्ही बाद होतात. रावेर-यावलच्या विद्यार्थ्याला खरा धोका ‘क’चा असतो, कारण ठिबकमधून खत सोडताना त्याने घरच्या शेतात डोळ्यांनी पाहिलेले असते, विधान खरे आहे, पण उताऱ्यात ते कुठेही नाही. ‘ड’मध्ये ‘ड्रिप’ हा शब्द नसल्यामुळे घाईत तो नजरेतून सुटतो, तरी उत्तर तेच आहे, कारण बरोबर पर्याय बहुधा उताऱ्यातले शब्द टाळून त्याचा अर्थ सांगतो.

चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी एका वहीत चूक कोणत्या प्रकारची होती ते नोंदवावे: अतिव्याप्ती (‘काही’चे ‘सर्व’ करणे), अर्धसत्य, उताऱ्याबाहेरचे ज्ञान, कार्यकारणाची उलटापालट. पंधरा-वीस उताऱ्यांनंतर आपण नेमके कुठे घसरतो हे वहीच दाखवते.

वेळेचा सराव यानंतर करावा. आयबीपीएस पीओ या बँक अधिकारी भरतीच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या 30 प्रश्नांना 20 मिनिटे असतात, तर आयईएलटीएसच्या वाचन चाचणीत 40 प्रश्नांना 60 मिनिटे. आयईएलटीएसमध्ये चुकीला दंड नाही, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नये. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात मात्र 2 गुणांच्या प्रश्नाला चुकल्यास 0.50 गुण वजा होतो, तरी दोन पर्याय कारणासह बाद करता आले तर उत्तर देणे फायद्याचेच ठरते.

तीन आठवड्यांनी जुना उतारा कोऱ्या प्रतीवर पुन्हा सोडवावा आणि पुराव्याची ओळ या वेळी किती लवकर सापडते, ते पाहावे.