फेरारी एफ३५५ बघायला जाण्यापूर्वी

ब्रिटनमध्ये राहून जुनी फेरारी घ्यायची आणि ती एफ३५५च हवी, असं मनाशी पक्कं केलं असेल, तर गाडी बघायला जाण्याआधी तिचे कागद मागवा. १९९४ ते १९९९ या काळात बनलेली ही गाडी: साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ३८० अश्वशक्ती. तिचा आवाज एकदा कानावर पडला की आकडेमोड सुचत नाही, म्हणून ती घरीच उरकून निघायचं.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्टचं, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याचं, बिल मागा. या गाडीत बेल्ट बदलायचा तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची सबफ्रेम एकत्रच गाडीखालून उतरवावी लागते. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं, त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" ही सोय इथे नाही. नेहमीचा हिशेब तीन वर्षांचा; काही स्वतंत्र स्पेशालिस्ट पाचापर्यंत ताणतात. गाडी कमी चालली म्हणून बेल्ट ताजा राहत नाही, रबराचं वय होतंच. स्वतंत्र गॅरेजात हे काम साधारण पाच ते सात हजार पौंडांच्या घरात जातं. शेवटच्या बिलाला चार वर्षं होऊन गेली असतील तर ती पूर्ण रक्कम किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. बिलातल्या ओळीही वाचा. टेन्शनरची बेअरिंग्ज, कॅमची सील्स, पाण्याचे पाइप त्याच वेळी बदललेत का? वॉटर पंप तपासला का? एखादं सील राहिलं तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

दुसरी तपासणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याची, आणि खरी गोम तिथेच आहे. त्याच्या नळ्या पातळ आणि वरून उष्णतारोधक पत्र्याचं वेष्टण, त्यामुळे आत तडा गेला तरी डोळ्यांना दिसत नाही. तो कानांनी पकडायचा. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन सुरू झाल्यावर मागून टिक-टिक आवाज आला आणि तापल्यावर तो कमी झाला, तर मॅनिफोल्डवर संशय घ्या. तड्यातून बाहेरची हवा आत शिरते, ऑक्सिजन सेन्सर फसतो, इंजिनात जादा पेट्रोल जाऊ लागतं आणि त्याची झळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) आणि व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी) यांना बसते. दोन्ही बाजूंचे चांगले मॅनिफोल्ड मजुरीसकट काही हजार पौंडांना पडतात.

व्हॉल्व्ह गाइडचं दुखणं वेगळंही असतं. सुरुवातीच्या गाड्यांतले ब्राँझचे गाइड लवकर झिजतात. शेवटच्या काळातल्या गाड्यांत पोलादाचे आले. सुरू करताना निळसर धूर, तेल सतत कमी होणं, ही लक्षणं. पण लक्षणांवर विसंबू नका, लीकडाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजणारी चाचणी) करून घ्या आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लेखी मागा. दोन्ही सिलिंडर हेड उतरवून गाइड बदलायचे तर खर्च सहज दहा हजार पौंडांपुढे जातो. आधी कुणी हे काम केलं असेल तर त्याचं बिल असलेली गाडी दोन पैसे जास्त देऊन घ्यावी.

डॅशबोर्डवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याचा 'स्लो डाऊन' दिवा लागला तर घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही नको. पुष्कळदा कन्व्हर्टर ठीक असतो आणि तापमान मोजणारं यंत्रच बिघडलेलं असतं. नक्की काय झालंय ते विकणाऱ्याने शोधून द्यावं.

क्लचची मात्र फार धास्ती नको. तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असल्यामुळे इंजिन न उतरवता बदलता येतो. १९९७ मध्ये आलेल्या पॅडलवाल्या एफ१ गिअरबॉक्समध्ये हायड्रॉलिक पंप आणि ॲक्च्युएटरचा खर्च वाढतो. मी हाताने गिअर टाकायची गाडीच घेईन. उघड्या टपाची स्पायडर असेल तर टप स्वतः दोनदा उघडून मिटवून बघा. आतली बटणं आणि प्लास्टिक हाताला चिकट लागतील. ते बहुतेक गाड्यांत होतं आणि काहीशे पौंडांत नीट होतं. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा, त्यात बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर बदलायचाच.

एमओटीचा, म्हणजे ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक वाहन तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून फुकट बघता येतो, मैलांच्या नोंदींसह. त्या नोंदी बिलांशी ताडून पाहा. मधली तीन-चार वर्षं गाडी उभीच असेल, तर ब्रेक, सील्स आणि पेट्रोलच्या नळ्यांकडे जास्त लक्ष द्या. कर्ज किंवा चोरीची नोंद स्वतंत्रपणे तपासा. आणि या गाड्यांवर काम करणाऱ्या, पण विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकची तपासणी ठरवा. काही शे पौंड जातील, ते द्यावेत. या तपासणीला जो नकार देतो त्याच्याशी पुढे बोलू नये.

एवढं होऊन व्यवहार ठरला, तरी पहिल्या वर्षासाठी निदान आठ-दहा हजार पौंड बाजूला हवेत. ते नसतील तर थांबा. पुढे कधीतरी गाडी मुंबईला नेऊ, हा विचार यात धरू नका. भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी सहसा आयात करता येत नाही, आणि एफ३५५ विंटेजमध्येही बसत नाही. लंडनमध्ये राहत असाल तर ही गाडी यूलेझच्या (लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्राच्या) निकषांत न बसल्याने बाहेर काढाल त्या दिवशी १२.५० पौंड मोजावे लागतील. विमा ठरलेल्या मूल्याचा (गाडीची किंमत विमा कंपनीशी आधीच ठरवलेला) घ्या, पेट्रोल ई५ सुपर (कमी इथेनॉलचं) भरा, आणि बॅटरीला कंडिशनर (गाडी उभी असताना बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावता येईल असा प्लग गॅरेजमध्ये आधीच बसवून ठेवा.