ग्रानादात दोन दिवस: अलहम्ब्राचे तिकीट आणि जेवणाची वेळ

स्पेनच्या सहलीची कार्यक्रमपत्रिका हातात आली की साताऱ्यातील मंडळी बहुधा हॉटेल कसे आहे आणि जेवण भारतीय मिळेल का, हे आधी विचारतात. ग्रानादाच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न असा असावा की, अलहम्ब्रा या डोंगरावरील जुन्या राजनगरीच्या तिकिटात नासरी सुलतानांचे राजवाडे धरले आहेत काय. बागा, हेनेरालिफे हा सुलतानांचा उन्हाळी महाल आणि अल्कासाबा हा जुना किल्ला एवढेच दाखवणारे वेगळे तिकीट मिळते आणि ते घेतले, तर ज्या दालनांसाठी लोक जगभरातून येतात ती दालने बंद दाराआडच राहतात. सेव्हिल किंवा मालागाहून एका दिवसात ग्रानादा उरकणाऱ्या सहलीही असतात. माझ्या मते या शहरात दोन रात्री तरी मुक्काम असावा, कारण येथील संध्याकाळ फार उशिरा सुरू होते.

स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी आधी व्हिसा, मग तिकीट हा क्रम ठेवावा. स्पेनसह बऱ्याच युरोपीय देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. अलहम्ब्राचे तिकीट व्यक्तीच्या नावाने निघते आणि प्रवेशद्वारावर पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून आपल्याकडील तीन पदरी नाव पासपोर्टवर ज्या क्रमाने छापले आहे त्याच क्रमाने भरावे. वडिलांचे किंवा पतीचे नाव एकीकडे गाळून दुसरीकडे लिहू नये. गर्दीच्या हंगामात तिकिटे बऱ्याच आधी संपतात. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दिवशी अलहम्ब्रा बंद असतो.

तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती नासरी राजवाड्यांत शिरण्याची असते आणि ती चुकली, तर तेथे रदबदली चालत नाही. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. तिकीट हाती असेल, तर प्लासा नुएव्हा चौकातून कुएस्ता दे गोमेरेस या चढाने पुएर्ता दे ला हुस्तिसिया या दरवाजाकडे जावे, कारण हा दरवाजा राजवाड्यांना जवळ पडतो. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांसाठी खालच्या शहरातून छोट्या बसगाड्या वर जातात.

नासरी घराण्याने १२३८ पासून १४९२ पर्यंत येथून राज्य केले आणि २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने फेर्दिनांद आणि इसाबेल या राजदांपत्याच्या हाती शहर सोपवले. पाचव्या महंमदाने चौदाव्या शतकात उभारलेल्या सिंहांच्या चौकात बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंजाचे पात्र आहे. तेथे छायाचित्रासाठी झुंबड उडते, म्हणून आधी बाजूच्या दालनांत जाऊन छताकडे पाहावे. मधाच्या पोळ्यासारखे लोंबणारे ते नक्षीकाम गिलाव्याचे आहे, हे मनाला पटवून घ्यावे लागते. भिंतींवर ‘ईश्वराशिवाय कोणी विजेता नाही’ हे नासरींचे ब्रीद अरबी लिपीत पुन्हा पुन्हा कोरलेले दिसते.

तरीही सर्वांत अधिक वेळ पाण्याला द्यावा, असे मी सुचवेन. डोंगरावरच्या या राजनगरीसाठी दार्रो नदीचे पाणी वरच्या अंगाला वळवून ‘आसेकिया रेआल’ या पाटाने केवळ उताराच्या बळावर आणले होते. कासचे पाणी डोंगरउताराने साताऱ्यात कसे येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या कामाची करामत चटकन उमजेल. हेनेरालिफेच्या लांबट अंगणातून हाच पाट मधोमध वाहतो.

नंतरचा ख्रिस्ती सम्राट पाचवा कार्लोस याचा अलहम्ब्रातील राजवाडा बाहेरून चौकोनी आणि आतून गोल आहे; तो धावता पाहिला तरी चालेल. खालच्या शहरातील राजेशाही प्रार्थनागृह मात्र चुकवू नये. तेथे फेर्दिनांद आणि इसाबेल यांच्या संगमरवरी समाधीखालच्या तळघरात त्यांच्या साध्या शिशाच्या शवपेट्या दिसतात. सूर्यास्ताच्या सुमारास आल्बायसिन या जुन्या वस्तीतील सान निकोलास सज्जावर जावे. समोर अलहम्ब्रा आणि मागे सिएरा नेवादाचे डोंगर असतात. वाटा गोट्यांच्या आणि चढाच्या आहेत, तेव्हा चपला नकोत, बूटच घालावेत.

आता जेवण. तेथे दुपारचे जेवण दोनच्या आसपास सुरू होते आणि रात्रीचे नऊनंतर. मधल्या वेळेत पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर बंद असते. सात वाजता ताटावर बसण्याची सवय असलेल्यांनी दुपारी ‘मेनू देल दिया’ म्हणजे ठरावीक दरातले पूर्ण जेवण घ्यावे आणि रात्री तापासवर, म्हणजे पेयाबरोबरच्या छोट्या बशांवर भागवावे. ग्रानादात पेयाबरोबर खाण्याची छोटी बशी मोफत देण्याची प्रथा आजही टिकून आहे आणि पुढच्या पेयाबरोबर सहसा वेगळा पदार्थ येतो. मद्य न घेणाऱ्यांनी ‘मोस्तो’ हा द्राक्षांचा रस मागावा.

ती बशी बहुधा दुकानदाराच्या मर्जीची असते, म्हणून शाकाहारींनी पेय मागतानाच बोलावे. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढे पुरत नाही. हॅम म्हणजे डुकराचे खारवलेले मांस आणि ट्यूना मासा यांना मांसात न धरणारे वाढपी भेटतात, त्यामुळे ‘सिन हामोन, सिन आतुन’ हेही जोडावे. तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी घातलेला ‘बेरेन्हेनास कोन मिएल’ हा पदार्थ आपल्या जिभेला लगेच रुचतो. साल्मोरेखो या टोमॅटोच्या दाट गार सूपवर हॅम आणि अंडे भुरभुरलेले असते, ते आधीच वगळायला सांगावे. मांसाहारींनी ‘तेर्नेरा’ म्हणजे गोमांस, ‘सेर्दो’ म्हणजे डुकराचे मांस, ‘कोर्देरो’ म्हणजे कोकरू आणि ‘पोयो’ म्हणजे कोंबडी हे चार शब्द वहीत लिहून घ्यावेत. भेजा आवडीने खाणाऱ्यांनी ‘तोर्तिया देल साक्रोमोंते’ हे भेजा घातलेले ऑम्लेट जरूर मागवावे.

गोडात पियोनोनो घ्यावा. शेजारच्या सांता फे गावचा हा पाकात भिजवलेला, वर भाजलेल्या क्रीमचा टोप असलेला इवलासा केक असतो. त्यात अंडे असते. बिलात पावाचे पैसे वेगळे लावलेले आढळल्यास वाद घालू नये. पाव नको असेल, तर तो टेबलावर येताच परत करावा.