परवानगी, संमती आणि आपण प्राध्यापक: या चुका टाळा

कोल्हापुरात वैद्यकीय शिक्षणात आणि एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या, बैठकांत माझी बरीच वर्षं गेली. चूक झाली की बोट रेसिडेंटकडे, म्हणजे शिकणाऱ्या डॉक्टरकडे दाखवलं जातं, पण प्रोटोकॉलवर, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यावर, सही गाइडची, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाची असते. म्हणून हे सहकारी प्राध्यापकांसाठी लिहितोय.

पहिली चूक म्हणजे आधी डेटा, मग परवानगी. एका मार्चमध्ये एक सहायक प्राध्यापक फाइल घेऊन आले. शिरोळ भागात आलेल्या ऊसतोड कामगारांच्या रक्तदाबाचा अभ्यास होता. विषय आपल्या भागाच्या गरजेचा, प्रश्नावलीही नीट. "सर, जरा लवकर बघा," म्हणाले. चाळताना मागच्या बाजूला भरलेले फॉर्म निघाले, तारखा डिसेंबरच्या. "टोळ्या बीडला परत गेल्या असत्या तर वर्ष वाया गेलं असतं. आणि फक्त बीपीच तर मोजलंय!"

फक्त बीपी. एका फॉर्मवर 190/110 लिहिलं होतं. त्या माणसाला पुढे कुठं पाठवलं? कुठंच नाही, कारण तसं ठरवलेलंच नव्हतं. संमती घेताना मुकादम शेजारी उभा होता. उचल घेतलेला माणूस त्याच्यासमोर नाही कसं म्हणणार? कमिटीनं हे दोन प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारले असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजुरी मिळाल्यावरच अभ्यास सुरू करायचा असतो, मागाहून मंजुरी मिळत नाही. तो डेटा बाद झाला. पण त्याहून वाईट वाटलं ते पुढच्या दोन दिवसांचं. वाढलेल्या बीपीची यादी काढून आम्ही मुकादमांना फोन लावत बसलो आणि काहींचा पत्ता लागलाच नाही.

तेव्हापासून मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत मी प्रश्नावलीची झेरॉक्ससुद्धा काढू देत नाही. उसाचा हंगाम दरवर्षी ठरलेला आहे. जूनमध्ये प्रोटोकॉल द्या, घाई करायची वेळच येणार नाही.

दुसरी चूक, संमती म्हणजे सही समजणं. वॉर्डात एकदा रेसिडेंटनं आजींचा अंगठा शाईत बुडवला तेव्हा मी बाजूलाच होतो. आजींनी विचारलं, "बाळा, ह्यो आप्रेशनचा कागद हाय न्हवं? अंगठा न्हाई दिला तर औषध बंद करशीला व्हय?" पोराकडं उत्तर नव्हतं, कारण त्याच्या गाइडनं त्याला "दुपारपर्यंत दहा फॉर्म आण" एवढंच सांगितलं होतं. फॉर्ममध्ये लिहिलं होतं, 'आपण या अभ्यासाचे विषय आहात'. इंग्रजी 'सब्जेक्ट'चं मशीननं केलेलं भाषांतर, कुणी वाचून न बघता छापलेलं.

लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला फॉर्म पूर्ण वाचून दाखवायचा, अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार हवा, आणि नकार दिला तरी उपचार तसेच चालू राहतील हे तोंडानं सांगायचं. पेशंट शुद्धीवर असताना मुलाची सही घेऊन भागत नाही. मी प्रत्येक मराठी फॉर्म वॉर्डातल्या मावशींना मोठ्यानं वाचून दाखवतो. त्या जिथं "म्हंजी?" विचारतात, ते वाक्य बदलतो. वीस मिनिटं लागतात. तेवढाही वेळ नसेल त्यानं माणसांवर संशोधन करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

"जुन्या केस पेपरवरचा अभ्यास आहे, परवानगी कशाला?" असं काही जण विचारतात. सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, तुम्ही नाही.

मुलांच्या अभ्यासात फक्त आईवडिलांच्या सहीवर भागवू नका. 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार लागतो, त्यापुढे 18 पर्यंत लेखी.

क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषध-उपचाराची माणसांवरची चाचणी असेल, तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशाच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी करा. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी होत नाही.

ज्यांनी काम केलं नाही त्यांचं नाव पेपरवर घालू नका, विभागप्रमुख असले तरी.

आणि आपल्याच विद्यार्थ्यांवर अभ्यास करताना जपा. इंटर्नलचे मार्क तुमच्या हातात असताना ते नाही म्हणू शकत नाहीत. मी फॉर्म वाटायला दुसऱ्या विभागातलं माणूस पाठवतो, स्वतः वर्गाबाहेर थांबतो, आणि भरलेले-कोरे सगळे फॉर्म एकाच बंद पेटीत टाकायला सांगतो.