पावसाआधी घराच्या वायरिंगची झडती

सगळ्यात आधी एक शनिवार ठरवून टाका. मे महिन्यातला, आणि जमलं तर पहिल्या पंधरवड्यातला, कारण जूनमधे पहिली सर आली की ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, घरोघरी एकदम ट्रिपिंग (आपोआप लाइट जाणं) सुरू होतं आणि मग वायरमन फोन उचलत नाही, उचललाच तर "ताई उद्या येतो" म्हणतो आणि तो उद्या थेट गणपतीत उजाडतो. मे धरायचं अजून एक कारण आहे, आर्थिंगचं (गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी), ते पुढे सांगते. आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधे राहतो, दर वर्षी ही झडती घ्यायची सवय लागली ती काही हौसेने नाही, बाथरूमच्या नळाला झिणझिण्या यायला लागल्या म्हणून. तेही पुढे येईल.

हाताशी काय ठेवायचं तर टॉर्च, लाकडी स्टूल, पायात रबरी चप्पल, मार्कर, कागदी चिकटपट्टी, एक वही आणि लाइट बिल. पेचकस मुद्दाम नाही सांगितला. आपण बघायचं, वास घ्यायचा, बाहेरून हात लावायचा आणि बटणं दाबायची, एवढंच. ज्याला स्क्रू खोलावा लागतो ते सगळं वायरमनचं काम, यात माझ्या नवऱ्यासारख्या "त्यात काय एवढं" म्हणणाऱ्यांनी वाद घालू नये.

लाइट बिल कशाला, तर त्यावर तुमचा मंजूर भार छापलेला असतो, किलोवॅटमधे. घर घेतलं तेव्हा दोन-चार पंखे, ट्यूबलाइट, टीव्ही आणि फ्रिज होता. आता वहीत बेरीज मांडा: दीड टनाचे दोन एसी साधारण दीड-दीड किलोवॅट, गिझर २, इंडक्शन २, इस्त्री १, मायक्रोवेव्ह सव्वा. ९ च्या पुढे गेलात. सगळं एकाच वेळी चालत नाही हे मान्य, पण रविवारी सकाळी एकाची आंघोळ, एकाची इस्त्री, किचनमधे इंडक्शन आणि बेडरूममधे अजून न उठलेल्या माणसाचा एसी, हे होतंच की. मंजूर भार आणि ही बेरीज यात फारच अंतर असेल तर महावितरणकडे भार वाढवून मागायचा, अर्ज ऑनलाइन करता येतो. आणि तो वाढवला तरी घरातली वायर तीच राहते हे विसरू नका. एमसीबी (लोड फार झाला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतोय म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२ चा टाकून देणारे लोक असतात, पडायचं थांबतं, आपण खुश. पण एमसीबी असतो तो वायर वाचवायला, वायर जुनीच ठेवून एमसीबी मोठा केला की आता आधी वायर तापणार, भिंतीच्या आत, आणि ते आपल्याला दिसणार नाही.

मग डीबी, म्हणजे सगळे एमसीबी बसवलेली पेटी, तिचं बाहेरचं झाकण उघडा. कुठला एमसीबी कशाचा हे बहुतेकांना माहीत नसतं. एक एक खाली करत जा, घरातून कोणीतरी ओरडून सांगेल काय बंद झालं (मुलांना हे काम द्या, फार आवडतं), आणि चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. "बा. गिझर", "हॉल एसी", "किचन". रात्री दीड वाजता स्वयंपाकघरातून करपट वास आला तर टॉर्च घेऊन अंदाज बांधत बसायची वेळ येऊ नये.

त्याच डीबीत एक जाडसर डबी असते तिच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं. हा ईएलसीबी, करंट कुठे गळला की लाइन तोडणारा, हल्ली आरसीसीबी म्हणतात, दुकानात दोन्ही चालतं. ते बटण दाबा. खटकन पडला तर ठीक, नाही पडला तर आजच्या आज वायरमन, बाकीची यादी नंतर. आणि वर्षातून एकदा पुरत नाही, महिन्यातून एकदा दाबावं, मी वीज बिल भरते त्या दिवशी दाबते म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. घरात ईएलसीबीच नसेल, जुन्या बिल्डिंगमधे अजून नुसते पांढरे किटकॅट फ्यूज असतात, तर ह्या वर्षीचा पहिला खर्च तोच, डिझायनर स्विच आणि फॉल्स सीलिंगमधल्या एलईडी पट्ट्या नंतर बघू. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा हवा, तसं त्याच्यावरच छापलेलं असतं.

एमसीबी आणि ईएलसीबी हे दोन वेगळे का, हा प्रश्न आमच्या मजल्यावर प्रत्येकाने मला विचारून झालाय म्हणून लिहिते. एमसीबी पडतो तो लोड फार झाला किंवा शॉर्ट झाला तर, त्याचा हिशोब अँपिअरमधे. माणसाचं हृदय बंद पाडायला त्याच्या कितीतरी कमी करंट पुरतो, मिलीअँपिअरमधला, एमसीबीला तो कळत पण नाही. ईएलसीबी फक्त एवढंच बघतो की फेजमधून (करंट आणणारी वायर) जेवढा गेला तेवढाच न्यूट्रलमधून (परत नेणारी वायर) परत आला का, आणि कमी आला तर उरलेला कुठेतरी गळतोय, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, म्हणून तो पडतो. पण एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर त्याला वाटतं बल्ब लागलाय, तिथे तो काही करू शकत नाही. आणि पावसात सारखा पडतो म्हणून त्याला बायपास करून देणारे महाभाग भेटले तर त्यांना चहा न देता परत पाठवा. पडतोय म्हणजे खरंच कुठेतरी ओल लागलीय. सगळे एमसीबी खाली करून ईएलसीबी वर करायचा आणि मग एक एक वर चढवायचा, ज्याला पडेल ती लाइन. सगळे खाली असताना पण पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी आर्थिंगला टेकलाय असं असू शकतं, कारण साधा एका पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, मग शोधाशोध वायरमननेच करायची.

आता नळाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या बाथरूमच्या नळाला हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या, मुंग्या आल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या दमट हवेने होतं, शेजारच्या काकू म्हणाल्या आमच्याकडे पण व्हायचं, मी पण आठवडाभर चप्पल घालून आंघोळ केली, काय अक्कल होती. ईएलसीबीचं बटण दाबलं तर व्यवस्थित पडत होता, म्हणून मी निर्धास्त. शेवटी आमच्या ओळखीचे वायरमन काका आले, त्यांनी गिझरचा सॉकेट खोलला तर मागे हिरवी, म्हणजे आर्थिंगची, वायर कापून टेप गुंडाळून ठेवलेली. आधी बाथरूमचं काम ज्याने केलं होतं त्याला वायर लांबीला कमी पडली असणार, त्याने नवीन ओढण्याऐवजी तिला तशीच आत कोंबली. म्हणजे तीन पिनचा प्लग, तीन भोकांचा सॉकेट, आणि तिसरं भोक नुसतं शोभेचं. गिझरच्या कॉइलमधून थोडा करंट बॉडीत येत होता, आर्थिंग असतं तर तो तिकडून जमिनीत गेला असता आणि ईएलसीबी लगेच पडला असता. आर्थिंगच नाही म्हटल्यावर तो करंट आणि तो ईएलसीबी, दोघंही वाट बघत बसले होते कोणीतरी ओल्या हाताने नळ धरायची.

तेव्हा हे नीट लक्षात घ्या, टी बटण दाबून ईएलसीबी जिवंत आहे एवढंच कळतं. आर्थिंग आहे की नाही ते त्याला विचारून उपयोग नाही, ते बटण आतल्या आत खोटी गळती तयार करतं, त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. आर्थिंग वेगळं तपासायचं. काकांना प्रत्येक तीन पिनच्या सॉकेटला मीटर लावायला सांगा: फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास येईल, फेज ते आर्थिंग पण जवळपास तेवढंच यायला हवं, आणि न्यूट्रल ते आर्थिंग एक-दोन व्होल्टच्या आत-बाहेर. फेज ते आर्थिंग शंभर-दीडशे असं काहीतरी अधांतरी आलं तर तिथे आमच्यासारखी शोभेची पिन असायची शक्यता आहे. आकडे वहीत लिहून घ्या, पुढच्या वर्षी ताडून बघता येतात. मे महिन्याचं कारण पण हेच, जमीन तेव्हा सगळ्यात कोरडी असते आणि कोरड्या जमिनीत आर्थिंग सगळ्यात कमजोर, तेव्हा पास झालं तर पावसाळ्यात होणारच. बिल्डिंगचा आर्थिंगचा खड्डा कुठेय ते सोसायटीला विचारा, आमच्याकडे सेक्रेटरींनाच माहीत नव्हता, त्याच्यावर पेव्हर ब्लॉक बसवून झाले होते.

बोर्डांची फेरी सोपी आहे पण घाई करू नका. गिझर, इस्त्री, एसी, इंडक्शन हे प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं चालवा, बंद करा आणि कोरड्या हाताने प्लगच्या प्लास्टिकला वरून हात लावा. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर आत काहीतरी सैल आहे, सैल जोड तापतो, तापला की अजून सैल होतो, असं ते चक्र. सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट-तपकिरी डाग, स्विच दाबताना चर्रर्र आवाज, जळक्या माशासारखा वास, बोर्डात मुंग्यांची रांग, सगळं वहीत. खाडीजवळच्या लोकांनी, म्हणजे वाशी, ऐरोली, कोपरी वगैरे, अजून बारकाईने बघा, खारट दमट हवेत स्क्रू आणि पिना हिरव्या-काळ्या पडतात. एक्स्टेन्शन बोर्ड मोजा किती आहेत घरात, मी मोजले तेव्हा सात निघाले, लाज वाटली. साधा ६ अँपिअरचा बोर्ड साधारण १३८० वॅटपर्यंत, म्हणजे इंडक्शन, गिझर, हीटर त्याच्यावर अजिबात नाही, आणि गालिच्याखालून नेलेली वायर आजच काढा.

बाथरूममधे गिझरच्या वायरची जाडी विचारा, ४ स्क्वेअर एमएम असेल तर छान, अडीचच्या खाली नको, इन्स्टंट गिझर ३ किलोवॅटचा असतो म्हणजे १३ अँपिअर एकटाच खातो. घोडबंदर रोडला ज्यांच्याकडे टँकरचं पाणी येतं त्यांनी कॉइल काढून बघायला सांगा, क्षाराचा थर बसला की कॉइल तापून तडकते आणि मग करंट पाण्यात. आणि गिझर बंद करून मगच आंघोळ, आर्थिंग कितीही चांगलं असलं तरी.

बाल्कनीत जा. दिवाळीच्या कंदिलाची वायर अजून ग्रिलला बांधलेली आहे ना? आहेच. आमची पण होती, टेप सुटलेली, लोखंडी ग्रिलला टेकून, कपडे वाळत घालतो तिथेच. एसीची किंवा केबलवाल्याची वायर बाहेरून भिंतीत शिरते तिथे ती आत जायच्या आधी थोडी खाली लोंबलेली असावी, म्हणजे पाणी टोकावरून गळून पडतं, नाहीतर ते वायरीचा हात धरून थेट बोर्डात येतं. वॉशिंग मशीन बाल्कनीत असेल तर त्याचा सॉकेट तिरक्या पावसात भिजतो का बघा. वरच्या मजल्याचं लीकेज छतात उतरलं असेल आणि डाग पंख्याच्या हुकापर्यंत पोचला असेल तर त्या लाइनचा एमसीबी खाली ठेवा आणि मग वरच्यांशी काय भांडायचं ते भांडा.

इन्व्हर्टर असेल तर एवढंच, डिस्टिल्ड वॉटरची लेव्हल आणि टर्मिनलवरची पांढरी बुरशी बघून घ्या. आणि मेन स्विच खाली केला तरी इन्व्हर्टरच्या लाइनीत करंट असतो हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, कामवाल्या मावशींना पण, स्टूलवर चढून पंखे त्याच पुसतात.

खाली मीटर रूममधे पण डोकवा. तिथे जुन्या सायकली, पेपरची रद्दी, वॉचमनची गादी असं काही असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका, वाईटपणा आला तरी चालेल. मीटर किती उंचीवर आहेत ते २६ जुलै २००५ पाहिलेल्या माणसाला विचारा. मीटरपर्यंतचं काम वीज कंपनीचं, मीटरनंतरचं आपलं. रस्त्यात तुटलेली तार दिसली तर जवळ न जाता १९१२ ला फोन.

वायरमन परवानाधारक बघा आणि तो आला की त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्याच: डीबी आणि सगळ्या मोठ्या सॉकेटचे स्क्रू मेन बंद करून आवळणं, वर सांगितलेली आर्थिंगची रीडिंग, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) वायरिंगचं इन्सुलेशन, म्हणजे वायरीवरचं आवरण, तपासणं, ते १ मेगओहमच्या वर हवं. मेगर लावताना टीव्ही, फ्रिज, चार्जर सगळे प्लग काढून ठेवायचे. मेगर नाही म्हणाला तर दुसरा शोधा. २५-३० वर्षं जुन्या घरात इन्सुलेशन कडक होऊन हात लावला की तुकडे पडतात, काकांनी तसं सांगितलं तर रंगकाम करायच्या आधी वायरिंग बदला, नंतर नाही. आमच्याकडे उलट झालं होतं.

शेवटी एक कागद डीबीच्या झाकणाच्या आतून चिकटवायचा. त्यावर ज्याला शॉक लागलाय त्याला हात लावू नका आधी मेन बंद करा, मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा, वायरीच्या आगीवर पाणी नको, आणि १०१, १०८. खाली तपासणीची तारीख. आमच्या कागदावर तारखांच्या शेजारी सासूबाईंनी पेन्सिलने लिहून ठेवलंय, "नळ ठीक".