पेठ सुधारायला निघालात? आधी या चुका टाळा

कोकणातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांत नगर परिषदेचं कपाट उघडलं की बाजारपेठेच्या सुशोभीकरणाचा एखादा रंगीत आराखडा हाती लागतोच. त्यात कमान असते, जुन्या वळणाचे दिव्यांचे खांब असतात, झाडाखाली बाक असतात. चित्रातल्या पेठेत पाऊस कधीच पडत नाही आणि कोणाच्या हातात पिशवी नसते. नगर परिषदांच्या बांधकाम खात्यात माझी नोकरी झाली. आता निवृत्तीनंतर कोणी ना कोणी असला आराखडा घेऊन "जरा नजर टाका" म्हणून येतं. चुका त्याच असतात, फक्त आर्किटेक्ट नवा असतो. त्या एकदा लिहून ठेवतो.

गिऱ्हाईक कोण, हे न विचारता काम काढणं

महामार्ग बाहेरून गेला आणि पेठ मेली, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी होताना कुठे बाह्यवळण आलं, कुठे कणकवलीसारखा गावावरून उड्डाणपूल गेला. पण सुसाट जाणारा गाडीवाला पेठेचं गिऱ्हाईक कधी होता? तो नाक्यावर चहा प्यायचा आणि पुढे जायचा. नाक्यावरच्या टपऱ्यांचं नुकसान झालं, ते खरं. पेठ मात्र जगते आजूबाजूच्या वाड्यांवर. सकाळच्या एसटीने आलेली बाई बँकेचं काम करते, औषध घेते, कापडाच्या दुकानात डोकावते, मासे घेते आणि दुपारची गाडी पकडते. तिचं वेळापत्रक हेच पेठेचं वेळापत्रक. स्टँडचं नूतनीकरण म्हणून तिची गाडी वर्षानुवर्षं गावाबाहेरच्या तात्पुरत्या थांब्यावर उभी राहायला लागली, तर पेठेत तुम्ही काहीही केलंत तरी फरक पडत नाही. रेल्वे या कामी फारशी येत नाही. राजापूर रोड स्टेशन राजापूरच्या पेठेपासून किती लांब आहे, ते एकदा उतरून पाहा.

माझी सवय सांगतो. पेठेच्या दोन्ही टोकांना एकेक पोरगा बसवतो आणि नुसती डोकी न मोजता पिशव्या मोजायला लावतो. रिकामी पिशवी आत गेली किती, भरलेली बाहेर आली किती. आठवडा बाजाराचा दिवस, एक साधा दिवस, एक मुसळधार पावसाचा दिवस आणि चतुर्थीच्या आधीचे दोन दिवस. ड्रोनचा व्हिडिओ घेऊन येणाऱ्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. असू दे. ड्रोनला पिशवीतलं दिसत नाही.

मासेवाल्या बायकांना माडीवर चढवणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिच्यासारखी महागडी चूक दुसरी नाही आणि ती अजून होते आहे.

किनाऱ्यावरचं एक गाव, नाव घेत नाही. पेठेतल्या व्यापाऱ्यांची जुनी तक्रार होती, की रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या मासेवाल्या आणि भाजीवाल्या बायकांमुळे वास येतो, गर्दी होते, दुकान झाकलं जातं. निधी आला. दुमजली मंडई बांधली. खालचे गाळे लिलावात काढले, कारण अनामत रक्कम तिथे मिळते. मासे आणि भाजी वरच्या मजल्यावर. पंखे, नळ, चकचकीत फरशी, सगळं होतं. उद्घाटनाला त्या बायकांनाच पुढे बसवून फोटो काढले.

आठवडा उलटायच्या आत बायका पुन्हा रस्त्यावर. मी तेव्हा त्या कामात नव्हतो, पण नंतर मला पाहायला बोलावलं. एका म्हातारीला विचारलं, "मावशी, वर एवढी सोय केलीय, मग खाली उन्हात का?"

आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, सुरमई तशीच धरून ती म्हणाली, "सायबानू, मिया चढान. गिरायक चढतला काय?"

यावर तांत्रिक उत्तर नाही. कोकणात मासे घेणारा माणूस स्कूटरवरून उतरतदेखील नाही. एक पाय खाली टेकून टोपलीत बघतो, भाव करतो, पिशवी हुकाला अडकवतो. त्याला जिना दाखवलात की तो पुढच्या नाक्यावर जातो.

इथे प्रशासनाने नेहमीचा शॉर्टकट घेतला. पथक आलं, ट्रक आला, टोपल्या उचलल्या. तेव्हा पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा होऊन गेलेला होता. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही आणि नंतरही हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. वाचतो कोण? बायका गेल्या गावाबाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला. गिऱ्हाईक त्यांच्या मागून गेलं. आणि काही महिन्यांनी ज्यांनी अर्जावर पहिली सही केली होती ते किराणावाले शेटच नगर परिषदेत विचारायला आले, की पेठेत हल्ली माणूस का फिरकत नाही. मासे घ्यायला येणाराच जाताना त्यांच्याकडून खोबरं आणि मिरची नेत होता. वासाचा त्रास गेला, त्याबरोबर गल्लाही गेला.

शेवटी मंडईखालची पार्किंगची जागा मोकळी करून तिथे ओटे घातले, तेव्हा बायका परतल्या. सगळ्या नाही. वरच्या मजल्यावर सध्या निवडणुकीचं सामान असतं.

म्हणून माझा आग्रह असा: ओट्याचं चित्र काढायच्या आधी जमिनीवर खडूने जागा आखा, त्या बायकांना टोपल्या घेऊन एक सकाळ तिथे बसवा आणि गप्प उभे राहा. ओटा किती उंच हवा, पाणी कुठल्या बाजूला काढायचं, बर्फाची पेटी कुठे बसते, पाठीमागे वाट हवी की नको, हे त्या स्वतःच भांडून ठरवतात. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका हव्यात, हेही कायद्यातच आहे. अशी समिती कागदावर असली तर तिला एकदा खरोखर बोलवा. चहा द्या.

आणि सर्वेक्षण एकाच महिन्यात उरकू नका. श्रावणात फोडशी, टाकळा अशा रानभाज्या घेऊन येणारी बाई, मे महिन्यात करवंदं, फणस घेऊन येणारी, चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान आणणारी, या जानेवारीत पेठेत नसतात. जानेवारीतल्या यादीप्रमाणे जागा वाटल्या, की श्रावणात बरोब्बर त्यांनाच हुसकावलं जातं.

रस्ता उंच करत जाणं

दुसरी माझी आवडती. जुन्या पेठेत दुकानाचा जांभ्या दगडाचा ओटा रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या वर असायचा. तो शोभेला नव्हता. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी ओतणारं आभाळ डोक्यावर असताना घर कसं राखायचं, हे त्या गवंड्याला ठाऊक होतं. मग आपण डांबर टाकायला लागलो. जुना थर खरवडायचा आणि मग नवा घालायचा, हा नियम. पण अंदाजपत्रक जास्त झालं की पहिली कात्री खरवडण्याच्या कलमाला लागते. दर खेपेला दोन-तीन इंच. चार खेपांत फूटभर. पायऱ्या गेल्या, ओटा गेला आणि जून उजाडला की रस्त्याचं पाणी थेट तांदळाच्या पोत्यांत.

त्यावर व्यापारी काय करतात? उंबऱ्यावर सिमेंटचा बांध. एकाने घातला की शेजाऱ्याकडे पाणी वळतं, तो त्याहून उंच घालतो. असं करत उताराच्या टोकाला जो असतो, त्याच्या दुकानात सगळ्या पेठेचं पाणी. त्यात गटारावर कडाप्पा टाकून वर टाइल्स बसवलेल्या. सफाई कामगाराला हात घालायला जागा नाही. "गटार तुंबलं" म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या शेटजींच्याच टाइल्स मी पहिल्यांदा काढायला लावल्या आहेत. शिव्या खाल्ल्या, पण पाणी गेलं.

काम सुरू व्हायच्या आधी तीन-चार दुकानांच्या पायरीवर ऑइलपेंटने रेघ मारून घ्या: नवा रस्ता याच्या वर येणार नाही. त्याचा फोटो फाइलला लावा, मोजमाप पुस्तकात नोंद करा आणि त्या दुकानदारांच्या सह्या घ्या. पुढे कोण अभियंता येईल ते सांगता येत नाही, रेघ मात्र राहते. निधी अपुरा असेल तर अर्ध्या लांबीचा रस्ता करा, पण खरवडून करा.

पेव्हर ब्लॉकबद्दल एकच ओळ: खालची वाळू दुसऱ्या पावसाळ्यात वाहून जाते, वर शेवाळ धरतं आणि गावातलं पहिलं मनगट भाद्रपदात मोडतं.

पूर येऊन गेल्यावर रंग काढणं

२२ जुलै २०२१ ला चिपळूणची पेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. २००५ च्या जुलैतही गेली होती. महाडला सावित्री तेच करते. राजापूरच्या जवाहर चौकात तर अर्जुना-कोदवलीचं पाणी येणं ही बातमीच नव्हे. तिथला दुकानदार पाण्याचा रंग पाहून माल उचलायला लागतो. अशा गावांत पेठेचं पुनरुज्जीवन म्हणजे आधी पोटमाळा. माल चढवायला जागा, विजेचे मीटर पुरुषभर उंचीच्या वर, विमा आणि मालाच्या यादीचा फोटो, जो दुकानातल्या संगणकात नसून दुसरीकडे कुठेतरी असतो. निळी पूररेषा ही साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. पण पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे पुढची पंचवीस वर्षं निश्चिंती, असं कोणी सांगितलं तर त्याला पेठेतलं कुठलंही काम देऊ नका. पुरानंतर लगेच दर्शनी भिंती रंगवणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. आतल्या भिंतीची ओल अजून उतरलेली नसते.

बंद दुकानाला नुसतं कुलूप समजणं

बंद दुकानामागे एक कहाणी असते आणि ती बहुधा मुंबईत राहते. मालक पाच भाऊ, तिघे विरार-डोंबिवलीला, एक वारलेला, मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव. भाडेकरू जुना, भाडं इतकं कमी, की मालक कौलं बदलत नाही. भाडेकरू जागा सोडत नाही, कारण सोडली की पागडीचा हिशोब येतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, दुखणं त्याहून जुनं. यावर रंगरंगोटी हे औषध नाही. एक वही करा: गाळा, मालक कुठे, भाडेकरू कोण, कधीपासून बंद, का. मग चतुर्थीला सगळे भाऊ गावी येतात, तेव्हा बोलणी करा. एरवी फोनवर काही होत नाही. एकदा आरतीनंतर प्रसादाच्या वाट्या हातात असतानाच असा गाळा सुटलेला मी पाहिला आहे.

बाकीच्या, थोडक्यात

मार्चअखेर निधी संपवायच्या घाईत काम काढून एप्रिलमध्ये रस्ता खणू नका. मे महिन्यात चाकरमानी येतात, जूनमध्ये चिखल होतो. दसरा ते डिसेंबर, एवढंच काय ते.

पार्किंग नाही म्हणून रडण्याआधी सकाळी दहाला दुकानांसमोरच्या दुचाक्या कोणाच्या ते पाहा. निम्म्या दुकानदारांच्या निघतात.

सेल्फीसाठी गावाच्या नावाची मोठी अक्षरं: नको.

पेठेत पर्यटन महोत्सव भरवलात तर त्या संध्याकाळी दुकानांत विक्री किती झाली ते दुसऱ्या दिवशी विचारा. आइस्क्रीमवाला सोडून कोणी हसत नसतो.

दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात म्हणून बाहेरची तरुण मंडळी हैराण होतात. व्यापाऱ्याची वामकुक्षी मोडायच्या भानगडीत मी पडत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी घेणारा पर्यटक चार वाजेपर्यंत मोती तलावाच्या काठी बसू शकतो.

व्यापारी संघाची वर्गणी ऐच्छिक ठेवाल, तर दोघे देतील आणि वीस जण बघतील. टोरांटोतल्या ब्लूर वेस्ट व्हिलेजच्या दुकानदारांनी १९७० मध्ये हाच त्रास सुटावा म्हणून आपल्या हद्दीतल्या सगळ्यांवर सक्तीची पट्टी बसवून घेतली आणि तो नमुना पुढे जगभर गेला. आपल्याकडे निदान एवढं करा: वर्गणी एकाच ठरावीक कामाला मागा, रात्रीच्या झाडूवाल्याला किंवा दिव्यांना, आणि हिशोब संघाच्या फळ्यावर खडूने लिहा. 'पेठेच्या विकासासाठी' म्हणून मागितलेले पैसे कोणी देत नाही, आणि बरोबरच करतो.

बायकांसाठी मुतारी. हे आराखड्यात कधीच नसतं, किंवा असतं ते मंडईच्या मागे, अंधारात. वाडीवरून आलेली बाई सकाळपासून पाणी न पिता पेठेत फिरते आणि म्हणून लवकर परत जाते. दुकानदाराला वाटतं, मंदी आहे. स्टँडपासून पेठेच्या वाटेवर, उजेडात, रोजची सफाई ठरवून बांधा. चावी कोणाकडे राहणार आणि आठवडा बाजाराच्या दिवशी पाण्याची टाकी दुसऱ्यांदा कोण भरणार, हे निविदेतच लिहा. नाहीतर उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून तिथे कंत्राटदाराच्या सिमेंटच्या गोणी असतात.