हायड्रोजेल घेण्याआधी ते आपल्या विहिरीच्या पाण्यात भिजवून बघा

पेरणी तोंडावर आली की पाणी धरून ठेवणाऱ्या हायड्रोजेलच्या दाण्यांची चौकशी सुरू होते. ‘वजनाच्या ३०० पट पाणी शोषते’ हा दावा खोटा नसतो, पण तो आकडा क्षार नसलेल्या शुद्ध पाण्यातला असतो.

बाजारात जास्त मिळणारे दाणे एका कृत्रिम पदार्थाचे, म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलेटचे असतात. त्यांच्या आत रेणूंच्या लांब धाग्यांचे जाळे असते आणि त्यावर ऋणभार असतो, त्यामुळे जाळे ताणले जाते आणि पाणी आत ओढले जाते. पाण्यात क्षार असले की ही ओढ मंदावते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तर जाळ्याचे धागे एकमेकांना बांधूनच टाकतात. म्हणून जड पाण्यात तेच दाणे जेमतेम फुगतात.

दोन बरण्या घ्या. एकीत अर्धा लिटर पावसाचे पाणी, दुसरीत तेवढेच विहिरीचे. प्रत्येकीत १ ग्रॅम दाणे टाकून रात्रभर ठेवा. सकाळी फडक्यातून गाळून जेलचे वजन करा. विहिरीच्या पाण्यातले जेल फारच कमी भरले, तर ओलितासाठी हा खर्च करू नका.

आता थोडा हिशेब. हेक्टरी ५ किलो दाण्यांनी पूर्ण ३०० पट पाणी धरले, तरी ते होते १,५०० लिटर. १ मिलिमीटर पाऊस म्हणजेच हेक्टरी १०,००० लिटर! त्यामुळे दाणे शेतभर फोकून काही साधत नाही. ते बियाण्याच्या ओळीत किंवा रोपाच्या खड्ड्यात, मुळांच्या खोलीवर मातीत नीट मिसळूनच द्यावेत. रोपे लावताना मुळे पातळ जेलमध्ये बुडवून लावली, तर लावणीनंतरचे पहिले काही दिवस मुळे सुकत नाहीत. माझ्या मते या दाण्यांचा सर्वांत चांगला उपयोग हाच.

वाळूसर, मुरमाड जमिनीत फरक दिसण्याची शक्यता जास्त. भारी काळी जमीन मुळातच पाणी धरते, तिथे पैसे घालू नयेत. पावसाचा खंड लांबला तर जेलही कोरडे पडते. ते पाणी साठवते, तयार करत नाही.

मात्रा पिशवीवर दिल्याप्रमाणेच ठेवा. खड्ड्यात दाणे जास्त झाले तर फुगताना रोप वर उचलले जाते. दाणे उघड्यावर राहू देऊ नका, उन्हाने ते लवकर खराब होतात. कॅल्शियम नायट्रेटसारखे खत त्याच ओळीत दाण्यांना खेटून देऊ नये.

स्टार्च किंवा सेल्युलोजवर आधारलेले दाणे मिळत असतील तर ते आधी बघा. पॉलिअ‍ॅक्रिलेट मातीत फार सावकाश कुजते.