परभणीत ट्यूलिप : कळी का वाळत होती

पहिल्या वर्षी पानं आली, पण कळी आतल्या आत कागदासारखी वाळली. राहवेना, म्हणून ट्यूलिपचा न लावलेला एक कांदा (कंद) उभा चिरला. मधला कोंब तपकिरी! ट्यूलिपला फुलायला आधी थंडी लागते, म्हणून कांदे फ्रिजमध्ये ठेवले होते आणि शेजारी सफरचंदं होती. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यानं आतली कळी मरते.

पुढच्या सप्टेंबरात कांदे कागदी पिशवीत घालून 4-5 अंशांवर 14 आठवडे ठेवले. फळं बाहेर टोपलीत. डिसेंबरअखेर कुंडीत लावले. आपली काळी माती पाणी धरते, कांदा सडतो, म्हणून निम्मी वाळू मिसळली. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. फेब्रुवारीत लाल फूल उमललं. आईनं कुणाला हात लावू दिला नाही. मार्चच्या उन्हात मात्र कांदा पोसत नाही, दरवर्षी नवेच आणतो.